जांब म्हणायचं नाही

बालवाडीची बाई म्हणून मी वऱ्हाडात मोताळ्याजवळच्या एका गावात गेले, तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची, पुण्यात वाढलेली आणि तोंडानं फटकळ. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वीस-बावीस पोरं जमायची. त्यांना बसायला, बोलायला, अक्षर ओळखायला शिकवून पहिलीसाठी तयार करायचं, एवढं माझं काम. पुण्याहून आणलेला चित्रांचा तक्ता भिंतीवर टांगला होता आणि त्याचा मला फार तोरा होता.

त्या पोरांत एक पाच वर्षांची मुलगी होती. तिचे आईबाप भाजीपाला पिकवायचे. तिचं तोंड सकाळी सुरू झालं की घरी जाईपर्यंत चालू. बैल का बसला, विहिरीत कासव कुठून आलं, सगळं मला सांगून व्हायचं. खरं सांगते, ती आली नाही की मला करमत नसे.

एके दिवशी मी तक्त्यावरचा 'प' दाखवला. शेजारी पेरूचं चित्र.

"हे काय आहे?"

"जांब!" ती सगळ्यांच्या आधी ओरडली.

"पेरू."

"नाई बाई, जांब हाये. आमच्या वावरात झाड हाये ना."

वऱ्हाडात पेरूला जांब म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण 'प'ला जांब कसा चालेल? दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा माझा पारा चढला. "जांब म्हणायचं नाही. चुकीचं आहे ते. शहाणी मुलं पेरू म्हणतात." बाकीची पोरं तिला हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती गप्प. हजेरीला नुसता हात वर, तहान लागली की माठाकडे बोट. रुसली असेल, येईल ठिकाणावर, असं म्हणत मी आठवडा काढला. मग महिना गेला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शाळेचे मास्तर पहिलीसाठी मुलं पाहायला यायचे. न बोलणाऱ्या मुलाला ते सरळ वर्षभर मागे ठेवत. मी तिच्या आईला गाठून हे सांगितलं.

"यंदा नाई घेतली तं मंग राहूच द्या बाई," ती म्हणाली. "लायन्या भावाले तरी सांभायन. पन घरी तं इचं तोंड बंदच होत नाई. शायेतच काऊन बोलत नाई?"

कारण मला माहीत होतं. सांगायची हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्या वावरात गेले. मला पाहताच पोरगी बांधावर बसलेल्या आईच्या पाठीमागे दडली. आईनं ओंजळभर फळं पुढे केली. "घ्या बाई, आपल्या झाडाचे जां..."

पोरीनं मागून तिच्या तोंडावर हात दाबला. "म्हनू नोको वं माय! चुकीचं हाये ते. बाई रागावतीन तुले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी तिच्या आईच्याच बोलण्यात चूक काढली होती, आणि तेव्हापासून ही एवढीशी पोर आईला माझ्यापासून वाचवत होती.

"आईचं बरोबर आहे," मी कशीबशी म्हणाले. "जांबच आहे हा. मी चुकले." तिला ते पटलं नाही. शाळेतल्या बाई आपलं चुकलं असं कधी म्हणत नाहीत, हे तिला माहीत असावं.

मग मी पुठ्ठ्यावर मोठा 'ज' लिहिला, शेजारी स्वतः जांब काढला आणि तक्त्याच्या बरोबरीनं टांगला. तीन दिवस ती नुसती बघत राहिली. चौथ्या दिवशी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाले जांब काढता येत नाई. हे तं भेदरं दिसते." भेदरं म्हणजे टोमॅटो. मी हसले, आणि पदरानं डोळेही पुसले.

मास्तर आले. तिला पुढ्यात बसवून त्यांनी विचारलं, "घरी कोन कोन हाये वं?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि मग ती सुरू झाली. माय, बाबा, लहाना भाऊ, दोन बैल, नुकतीच व्यालेली बकरी.

"मले तं गावात सांगलं होतं का ही पोरगी मुकी हाये," मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले.

"नाही मास्तर. मुकी मी केली होती."

त्यांनी पहिलीच्या यादीत तिचं नाव लिहिलं. ती तोवर बकरीच्या पिल्लांवर येऊन पोचली होती.