तेल प्यालेली गिटार

आबाकाका गेल्याचं पत्र बेळगावच्या वसतिगृहात जेवणाच्या वेळी हाती आलं. बाबांनी चारच ओळी लिहिल्या होत्या. मी पत्राची घडी घातली आणि जेवायला बसले.

काका मालवणात होड्या बांधायचे. लाकडासाठी सावंतवाडीला गेले की गिटार शिकवणाऱ्या मिंगेलच्या ओसरीवर जाऊन बसायचे. आधी त्यांना भुलवलं ते गिटारच्या शिसवी लाकडाने, मग सुरांनी. मिंगेलनी नवी गिटार घेतली तेव्हा जुनी काकांनी विकत घेतली, आणि आनंदाच्या भरात मिंगेलच्या घरच्या खुर्सासाठी, म्हणजे क्रूसासाठी, कोरीव देव्हाराही करून दिला. रंध्याने राठ झालेली त्यांची बोटं महिन्याभरात दोन धून वाजवू लागली. ते ऐकताना काकू चुलीवरचं विसरायची.

त्या मे महिन्यात मी पंधरा वर्षांची होते, सुट्टीत काकांकडे आले होते. गिटारच्या पेटीत झाकणाला इंग्रजी कागद चिकटवला होता : वाद्य कोरडं ठेवा, तेल कधीही लावू नका. मी तो वाचत होते, तेवढ्यात काका मोरी माशाचं तेल घेऊन ओट्यावर आले. खाऱ्या हवेपासून जपायला आमच्याकडे होडीला तेच लावतात. शेजारपाजारची माणसं कौतुकाने जमली होती.

"काका, ह्यात असं लिहिलंय की—"

"ऐकलांत? मडम बोलली!" शेजारच्या बाळग्याने माझ्या पुस्तकी मराठीची नक्कल केली. सगळे हसले. काकाही हसले, मग मायेने म्हणाले, "सांग गो, काय लिवलेला आसा?"

"काही नाही," मी म्हटलं.

"होडयेक चलता, तर हेका कित्याक चलाचा नाय?" म्हणत त्यांनी फडकं फिरवलं. शिसवाला फारसं काही झालं नाही, पण पुढची फिक्या लाकडाची पातळ फळी ते तेल पीत राहिली. भोकातून आतही त्यांनी बोटाने तेल चोपडलं.

काही दिवसांतच आवाज बसला. ओल्या फळीवर टिचकी मारावी तसा. "मिंगेलान फसयल्यान माका. सडको माल दिल्यान," काका म्हणाले, आणि तसा निरोपही त्यांनी पाठवला. त्यानंतर सात वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दर सुट्टीत मी खरं सांगायचं ठरवून यायचे आणि न सांगता परत जायचे.

बाराव्याला मिंगेल आले. त्यांनी गिटार मागून घेतली आणि भोकाशी नाक नेलं. आत मोरीच्या तेलाचा वास अजून होता.

"चूक माझी," ते काकूला म्हणाले. "तेल लावू नको म्हणान मिया त्येका सांगूक होया होतां."

मी तिथेच, दाराशी उभी होते.

ते गेल्यावर काकूने सांगितलं, कामावर जाण्याआधी काका रोज तारांवरून एकदा अंगठा फिरवायचे, कान देऊन ऐकायचे आणि गिटार परत ठेवायचे. लाकूड कधीतरी सुकेल, आवाज परत येईल, असं त्यांना वाटायचं.

परवा सकाळी काकूने तसाच अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आवाज आज जरा बरा वाटता मां गो?"

मी मान हलवली. हो म्हणून.