दार न वाजवणारी सुनंदा

सुनंदा दार वाजवत नसे. माझ्या वरच्या खोलीत ती भाड्याने राहायला आली तेव्हा पहिले काही दिवस मला कळेचना, ही मुलगी अशी अचानक उगवते कुठून? दूध घ्यायला दार उघडावं तर ही उभी. केर टाकायला उघडावं तर ही उभी. हातात कधी रिकामी घागर, कधी गच्चीची किल्ली. "किती वेळ उभी आहेस गं?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "आत्ताच आले की." शेवटी समोरच्या वहिनींनी सांगितलं, की ती बराच वेळ उभी असते, मधून मधून हळूच खाकरते, आणि मी आत टीव्ही मोठा करून बसलेली असते.

"घंटी लावली आहे दाराला, शोभेसाठी नाही लावली," मी एकदा खेकसले. मला साधं बोलता येत नाही, हे आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत सगळ्यांना माहीत आहे.

"आवं काकू, तुमी कामात असाल," ती म्हणाली. "मी हाय की हितं. उघडाल तवा उघडाल."

आटपाडीच्या पलीकडच्या वाडीतली, मेंढपाळांच्या घरातली ही पोर. तिशीही गाठली नव्हती. घरात पहिल्यांदा बारावीच्या पुढे गेली ती हीच. रक्त तपासण्याचा डिप्लोमा केलेला, आणि सांगलीतल्या एका लहानशा लॅबमध्ये नोकरी. साहेबांना भ्यायची, फोनला भ्यायची, बँकेतल्या काचेच्या दाराला भ्यायची. भ्याली की तिचे हात बर्फासारखे गार पडत. पण सुई हातात आली की तेच हात सुतासारखे सरळ चालत. माझी शीर भल्याभल्यांना सापडत नाही. हिने बोटाने चाचपलं आणि मला कळायच्या आत नळी भरली. मी डोळे मिटून घेतले होते. "घाबरू नगा काकू," ती म्हणाली, "मी घाबरलीया तेवढं दोघींना पुरंल." हे तिचं नेहमीचं वाक्य. लॅबमध्ये रडणाऱ्या पोरांनाही ती हेच सांगायची म्हणे, आणि पोरं हसायची.

तिला एक मुलगी होती, आरोही. नवरा मुंबईला कामाला गेला तो तिकडचाच झाला. आरोही वाडीत सुनंदाच्या भावजयीकडे राहायची. लॅबच्या पगारात आणि माझ्या एका खोलीत, दिवसभर बाहेर राहून पोर सांभाळणं सुनंदाला जमत नव्हतं. त्या वर्षी भावजयीने स्पष्ट सांगितलं, की जूनपासून मला झेपायचं नाही. मग उरले सुनंदाचे आई-वडील. पण त्यांची मेंढरं वर्षातले कितीतरी महिने फिरतीवर. पोर त्यांच्याबरोबर गेली की शाळा सुटली. सुनंदाची थोरली बहीण अशीच मेंढरांमागे गेली होती आणि तिचं शिक्षण तिथेच थांबलं होतं. आरोहीचं तसं होऊ नये, एवढी एकच गोष्ट सुनंदाला हवी होती. साताऱ्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात तंत्रज्ञांची भरती निघाली. तिथे राहायला खोली मिळत होती आणि आवारातच बालवाडी होती. तिने अर्ज केला, आणि मार्चच्या शेवटी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं.

मला हे कळलं ते फार उशिरा. दुपारी मी कपडे वाळत घालायला दार उघडलं तर ही दारात, चेहरा पांढराफटक. हातातला मोबाईल तिने माझ्यापुढे धरला. दवाखान्याची मेल होती. आधीच्या मेलमध्ये त्यांनी गुरुवारची आणि शुक्रवारची मिळून तीन वेळा दिल्या होत्या, यांतली सोयीची कळवा म्हणून. आता लिहिलं होतं, की तुमची वेळ अजून कळलेली नाही. आज पाचपर्यंत कळवली नाही तर तुम्हाला मुलाखतीत रस नाही असं समजून ती दुसऱ्या उमेदवाराला देऊ.

"तू पहिल्या मेलला उत्तरच दिलं नाहीस?"

"दिलं की. लगीच दिलं." तिने दाखवलं. लिहिलं होतं, 'आपण म्हणाल त्या वेळी हजर राहीन.'

मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर मी सरकारी कचेरीत पत्रांना उत्तरं लिहिली. समोरचा जे विचारतो त्याचं उत्तर आधी द्यावं, बाकीची नम्रता मग, हे माझ्या हाडात मुरलेलं. "अगं, त्यांनी वेळ विचारली आहे!"

"इचारत्यात. पन आपुन सांगायचं नसतंय काकू. एवढ्या मोठ्या डॉक्टरला काय म्हनायचं, मला अकरा वाजता सोयीचं हाय, तवा बसा? त्यांनी सांगायचं, आपुन जायाचं. म्हनतील, कोन ही टिकोजी लागून गेली."

मला हसू येत होतं, पण तिच्याकडे बघून ते गिळलं. तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि फोन हातात घेऊन मीच उत्तर लिहिलं. मुलाखतीला बोलावल्याबद्दल आभार. तंत्रज्ञ पदाच्या मुलाखतीसाठी शुक्रवारी सकाळी अकराची वेळ मला सोयीची आहे. मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहीन. खाली नाव आणि फोन नंबर. सांगलीहून सकाळची एसटी धरली तर अकरापर्यंत साताऱ्यात सहज पोचता येत होतं.

"मला सोयीची आहे, हे तेवढं काढा," ती म्हणाली.

"काढणार नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. नगंच पाठवू." तिने माझं मनगट धरलं. ते हात, सांगते, उन्हाळ्याच्या त्या दुपारी माठातल्या पाण्यासारखे गार होते. मी रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. आरोहीचं नाव काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली, पण मनगट काही सुटेना. चार वाजून गेले. आता मलाच धडकी भरली. ही नाही म्हणत असताना पाठवावं कसं, आणि न पाठवावं तर त्या पोरीचं काय?

"आबास्नी इचारते," ती एकदम म्हणाली.

तिचे वडील तेव्हा मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या बाजूला होते. ऊस तुटून गेलेल्या रानांत मेंढरं बसवायची, म्हणजे रात्री कळप तिथे मुक्कामाला ठेवायचा, रानाला खत मिळतं आणि रानमालक धान्य देतो. फोन लागेना. लागला तर आवाज येईना. मी घड्याळाकडे बघत होते. शेवटी घंटांचा किणकिणाट आला, कुत्र्याचं भुंकणं आलं आणि त्यामागून आबा.

"आबा, मुलाखतीला कवा येतीस म्हनून सायबांनी इचारलंय. म्या सांगू का, का त्ये सांगतील तवा जाऊ?"

"मग कोन सांगनार?" म्हातारा म्हणाला. "मला रानमालक इचारतो, मेंढरं कवा आनताय? मी म्हनतो, सोमवारी. तुमी म्हनाल तवा, असं म्हनलं तर त्यो बसंल वाट बघत? रान नांगरून मोकळा हुईल. रान त्येचं, पर चालनार आपुन. दिस आपुनच सांगायचा."

सुनंदाने माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

"भ्या वाटतंय व्हय?"

"लय वाटतंय, आबा."

"वाटू दे. दिस सांग." आणि कुठल्यातरी मेंढीला हाका मारत त्यांनी फोन ठेवला.

सुनंदाने माझं मनगट सोडलं. उत्तर तिनेच पाठवलं, डोळे मिटून. पाच वाजायला फार वेळ राहिला नव्हता. मग आम्ही दोघी फोन मध्ये ठेवून बसलो, आतून काही बाहेर पडेल अशा नजरेने. चहा केला तो तसाच निवला. दिवेलागणीला उत्तर आलं. शुक्रवार, अकरा, भेटू. तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, "आता जायाला लागनार."

मी बरोबर गेले. जाईन पण तोंड उघडणार नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. कऱ्हाडपासून पुढे ती खिडकीतून मोकळी रानं न्याहाळत होती, कुठे आपला कळप दिसतो का म्हणून. तो काही दिसला नाही. दवाखान्यात आम्हाला एका लांब व्हरांड्यात पाठवलं. टोकाला बंद दार, त्यावर मुलाखतीचा कागद चिकटवलेला. शिपाई कुठेतरी गेलेला. मी बाकावर बसले आणि सुनंदा फाईल छातीशी धरून दारापुढे जाऊन उभी राहिली, अगदी माझ्या दारापुढे उभी राहायची तशीच.

अकरा वाजले. वाजून गेले. आतून बोलण्याचे आवाज येत होते. सुनंदा हळूच खाकरली. ही संध्याकाळपर्यंत अशीच उभी राहील, आत ते म्हणतील उमेदवार आली नाही, आणि मी बाकावर बसून हे सगळं बघत राहीन. उठून आपणच दार ठोठावावं म्हणून मी अर्धी उठलेही. तेवढ्यात तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरची भीती मी विसरणार नाही. मी खाली बसले आणि माझ्या चपलांकडे बघू लागले.

मग टकटक ऐकू आली. इतकी हलकी, की आतल्यांनी ती ऐकली नसावी. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, मोठ्याने. आतून कुणीतरी म्हणालं, "या."

परतीच्या एसटीत बसल्यावर ती म्हणाली, "सगळ्यात अवघड काय वाटतं, असं इचारलं त्यांनी. म्या म्हनलं, दार वाजवनं."

"मग?"

"हसले की. मग रगताचं इचारलं. त्ये काय, येतंयच."

मे महिन्यात तिने माझी खोली सोडली. आरोहीला घेऊन ती मला भेटायला आली त्या दिवशी माझं दार सताड उघडं होतं, मी समोरच बसलेली होते, तरी तिने कडी वाजवली. तिच्या हाताशी आरोही, तिनेही वाजवली. मी म्हटलं, दार तोडा आता. त्यानंतर ती साताऱ्याची झाली. सणासुदीला फोन येतो. आरोही चौथीत आहे आणि कुणाला भीत नाही असं तिची आई तक्रारीच्या सुरात सांगते.

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात माझ्या छातीत गाठ निघाली. ती काढून तपासायला पाठवायची आहे. दवाखान्यातल्या मुलीने फोनवर विचारलं, "काकू, सोमवार ते गुरुवार, कधी येताय?" आणि मी, जन्मभर पत्रांना उत्तरं लिहिलेली बाई, म्हणाले, "डॉक्टर म्हणतील तेव्हा." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले आणि घाईने फोन ठेवला.

मग मी सुनंदाला फोन लावला. आरोहीची चौकशी केली, पावसापाण्याचं बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "काकू, काय झालंय त्ये सांगा." मी सांगितलं. "भीती वाटते गं सुनंदा."

मग ती म्हणाली, "वाटू दे काकू. दिस सांगा."

मी दवाखान्याला बुधवार सांगितला. तिला तसं कळवलं तर म्हणाली, "मंगळवारी सांजच्याला सात वाजता मी तुमच्या दारात हाय." येऊ का, असं तिने विचारलं नाही.

आज मंगळवार आहे. सात वाजत आले आहेत. माझे हात गार पडलेत, टीव्ही बंद केला आहे, आणि मी दाराकडे कान लावून बसले आहे.