पहिल्या पावलाचा मान

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून, दरोडे, फसवणूक, सगळं पाहून झालंय माझं, आणि त्यातली निम्मी प्रकरणं आता नीट आठवतही नाहीत. पण हातात मावेल एवढ्या मातीच्या ढेकळाचं हे प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. ते घडलं मी पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर, कुवेतमध्ये. नावं कोणाचीच सांगणार नाही. जे नालायक निघाले त्यांची सांगून उपयोग नाही आणि ज्याचं वाटोळं झालं त्याची आणखी बदनामी मला करायची नाही.

घरी बसून बायकोच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा बरं, म्हणून मी एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. शुवैखला कंपनीचं वर्कशॉप आणि त्याच्या मागे कामगारांचा कॅम्प. अंगावर वर्दी नाही, हातात कायद्याचा अधिकार नाही, पण सवय कुठे जाते? गेटवर पाळी बदलताना स्वतः उभं राहायचं, खोल्यांची अधूनमधून पाहणी करायची आणि दोन-चार खबरे सांभाळायचे. खबऱ्यांबद्दल एक सांगून ठेवतो. खबर खरी असली तरी ती देण्यामागचं कारण बहुतेक वेळा घाणेरडं असतं.

डिसेंबर संपत आला होता. शुक्रवारची सुटी, सकाळची वेळ. एक फिटर माझ्या केबिनमध्ये आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला की त्याच्या खोलीतल्या सुताराच्या पेटीत हशीश, म्हणजे चरस, आहे, त्याने स्वतः पाहिलंय. या दोघांचं खालच्या कॉटवरून भांडण चालू होतं हे मला माहीत होतं. पण हशीशची खबर आली की हात झाडून चालत नाही. कुवेतमध्ये असा माल सापडला तर माणूस वर्षानुवर्षं तुरुंगात सडतो.

सुतार देवगडकडचा. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा, केस मात्र अजून काळेभोर. मी कॅम्प बॉसला आणि आणखी एका कामगाराला पंच म्हणून बरोबर घेतलं आणि झडती घेतली. कॉटखाली पत्र्याची पेटी. कपड्यांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काळपट तपकिरी वीट निघाली. कॅम्प बॉसचा चेहरा पांढराफटक पडला. तो लगेच म्हणाला, आत्ताच्या आत्ता याला मखफरात देऊन टाका. मखफर म्हणजे तिकडचं पोलीस ठाणं.

मी मुंबईत अमली पदार्थांच्या पथकात काम केलेलं आहे. चरस हाताला जड लागतो, तळव्यात धरला की मऊ पडतो, चिकटतो. ही वीट वाळकी, हलकी. नखाने टोकरली तर भुगा पडला आणि भुग्यात बारीक मुळ्या दिसल्या. चिमूटभर भुगा बशीत घेऊन काडी लावली. नुसता ओल्या लाकडासारखा धूर आला. हा चरस नव्हे, हे मी तिथेच सांगितलं. कॅम्प बॉस म्हणाला, मग काय आहे ते सांगा. ते मला सांगता येईना. शेवटी दुपारपर्यंत मला चौकशी करू द्यायची, तोवर कोणाला कळवायचं नाही, असं त्याने कबूल केलं.

चौकशीत मी आधी पाणी देतो आणि गप्प बसतो. पहिला प्रश्न समोरच्याला विचारू द्यावा. चोर असेल तर विचारतो, ‘माझं नाव कोणी सांगितलं?’ नसेल तर विचारतो, ‘आता काय होणार?’ सुतार अर्धा ग्लास पाणी प्यायला आणि म्हणाला, “साहेबानू, आता माझा काय होतला?”

मी मनातल्या मनात त्याला सोडून दिला होता. पण त्याने तोंड उघडायला हवं होतं ना! वस्तू काय आहे विचारलं, तर म्हणे माती. कुणी दिली? गप्प. कशाला ठेवली? गप्प. आवाज चढवून झाला, तुरुंगाची भीती घालून झाली, त्याच्या बायकोची आठवण काढून झाली. गडी नुसता जमिनीकडे बघत बसला. एवढ्या तेवढ्याने फुटणारे खूप पाहिलेत मी, पण हा काही लपवत नव्हता, हा काहीतरी पाळत होता. हा फरक ओळखायला मला नोकरीतली बरीच वर्षं लागली.

मग मी पुन्हा त्याच्या पेटीपाशी गेलो. झडतीत घाई होते, माल मिळाला की माणूस पुढचं बघत नाही. पेटीच्या झाकणाला आतून एक जुना फोटो चिकटवलेला होता. कुठल्यातरी थंड, उघड्याबोडक्या माळरानावरून एक बाई चाललीय. पाठीवर भलीमोठी टोपली, टोपलीत अशाच विटा भरलेल्या, आणि चालता चालता बाईचे दोन्ही हात विणकाम करतायत. मी तो फोटो काढून सुतारासमोर ठेवला आणि बाईच्या टोपलीवर बोट ठेवलं. त्याचे डोळे भरून आले.

“मान आसा तो माझो,” तो म्हणाला. “सांगलंय तर मान जातलो.”

मी सावंतवाडीकडचा. कोकणात देवळातल्या कुठल्या कामाचा मान कोणत्या घराचा, यावरून डोकी फुटतात हे मला कोणी शिकवायला नको. मी त्याला त्याच्याच बोलीत म्हटलं, गाऱ्हाणं घालताना देवापासून काही लपवतोस काय? मग आता मला सांग. तेव्हा कुठे गड्याची जीभ सुटली.

कंपनीत एक म्हातारा स्कॉटिश इंजिनिअर होता. खैरानला समुद्राकाठी त्याचं घर. आजोबांच्या वेळचे फोटो चौकटीत बसवून घ्यायला त्याने या सुताराला बोलावलं आणि दोघांचं जमलं. म्हाताऱ्याच्या मुलखात म्हणे लाकूड दुर्मीळ. दलदलीतली कुजकी माती फावड्याने विटांसारखी कापायची, वाऱ्यावर रचून वाळवायची आणि वर्षभर चुलीत जाळायची. तिला पीट म्हणतात. चूल कधी विझू द्यायची नाही, निजताना विस्तव राखेखाली झाकायचा, सकाळी पुन्हा फुंकायचा. सुताराची आई हेच करायची. हेरिंग मासे कापणाऱ्या बायकांचा फोटो होता, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, सुरी लागू नये आणि मीठ जखमेत जाऊ नये म्हणून. तो पाहून सुतार म्हाताऱ्याला म्हणाला होता, या तर आमच्याच बायका.

आणि त्यांची एक रीत होती. नवं वर्ष लागलं की घराचा उंबरा पहिल्यांदा काळ्या केसांच्या माणसाने ओलांडायचा. पिवळ्या केसांचा आला तर वर्ष वाईट. येणाऱ्याने हातात जळण घेऊन, एक शब्द न बोलता आत यायचं, ते विस्तवावर ठेवायचं आणि मगच बोलायचं. म्हातारा सुटीवरून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून चार विटा आणायचा. जळण बाहेरून यायला हवं, म्हणून त्यातली एक सुताराकडे आधीच देऊन ठेवायचा. गेली काही वर्षं त्या घराचं पहिलं पाऊल आमच्या देवगडच्या सुताराचं होतं. कोणाकडे बोलायचं नाही, असं म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं. याने ते रितीतलंच मौन समजून घट्ट धरलं होतं.

मला हायसं वाटलं. म्हाताऱ्याचा एक जबाब घेतला की विषय संपला. सुताराला केबिनमध्ये बसवला, कॅम्प बॉसला पुन्हा एकदा बजावलं आणि गाडी काढून खैरान गाठलं.

म्हातारा घरीच होता. सभ्य माणूस. चहा दिला, मी निवृत्त पोलीस म्हटल्यावर खूश झाला आणि भिंतीवरचे फोटो दाखवायला लागला. सुताराने केलेल्या सागवानी चौकटी, एक सांधा दिसत नव्हता. एका फोटोत छप्पर नसलेल्या दगडी भिंती होत्या. हे माझ्या पणजोबांचं घर, तो म्हणाला. जमीनदाराला माणसं नको होती, मेंढ्या हव्या होत्या. एका सकाळी त्याचा कारभारी शिपाई घेऊन आला. अंथरुणं, भांडी, म्हातारीची खुर्ची बाहेर फेकली. पिढ्यान्‌पिढ्या न विझलेली चूल पाणी ओतून विझवली आणि छपराला आग लावली. गावात अशी माणसं होती की ज्यांनी एक शब्द टाकला असता तर कारभारी थांबला असता. कोणी टाकला नाही. हे सांगताना त्याने चष्मा काढून डोळे पुसले. खोटं नव्हतं ते रडणं.

मग मी सुताराचं सांगितलं. चष्मा परत डोळ्यांवर गेला. तो उठून समुद्राकडच्या गच्चीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“ती वस्तू माझी नाही,” तो म्हणाला. “मी तसलं काही कधी पाहिलेलं नाही.”

गच्चीच्या कोपऱ्यात लोखंडी शेगडी होती आणि ताडपत्रीखालून तशाच विटांची कड दिसत होती. मी तिकडे बघितलं, त्यानेही बघितलं. मग तो हळू आवाजात म्हणाला की नव्या वर्षाला या घरात दारू असते. त्या देशात दारूला बंदी. चौकशी इथवर आली तर मला देशाबाहेर काढतील, म्हणाला, आणि मायदेशी आता माझं कोणी उरलेलं नाही, या वयात मी जाऊ कुठे? मी म्हटलं, दारूशी मला देणंघेणं नाही, फक्त ही माती कसली आहे एवढं सांगा. त्याने नकारार्थी मान हलवली आणि चहाचे कप उचलले. त्या क्षणी त्याच्या भिंतीवरचे सगळे फोटो खाली ओढावेत असं मला वाटलं.

परत आलो तर केबिन रिकामी. कॅम्प बॉसला धीर धरवला नव्हता. कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब येऊन सुताराला आणि त्या विटेला मखफरात घेऊन गेला होता. खोलीबाहेर भिंतीला लागून त्याची गादी, पेटी, रंधा, करवत, सगळं काढून ठेवलेलं. खालच्या कॉटवर फिटरने चादर पसरलेली होती. मला तो छप्पर नसलेल्या घराचा फोटो आठवला आणि अंगाची लाही लाही झाली.

मखफरात जाऊन मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. तिथला अधिकारी समजूतदार होता, माझं ऐकून घेतलं, पण तपासणी झाल्याशिवाय तो सोडणार नव्हता आणि त्याच्या जागी मीही सोडला नसता. प्रयोगशाळेचा निकाल यायचा तोच आला, माती. गुन्हा नाही. पण ज्याचं नाव एकदा मखफरात गेलं तो माणूस कंपनीला नको होता. तोवर त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून झाला होता. वर्ष संपायच्या आत त्याला विमानात बसवला. निर्दोष सुटलेला माणूस असा शिक्षा भोगायला घरी गेला. मला निरोपालाही जाऊ दिलं नाही.

मंदूबने ती वीट परत आणून माझ्या टेबलावर टाकली. एक जानेवारीला सकाळी मी ती घेतली आणि पुन्हा खैरानला गेलो. बेल वाजवली. म्हाताऱ्याने दार उघडलं. आदल्या दिवसाचेच कपडे अंगावर, डोळे तारवटलेले. त्याच्याकडे कोणीच आलेलं नव्हतं. त्याने माझ्या हातातली वीट पाहिली, माझे कलप लावलेले काळे केस पाहिले, आणि खरं सांगतो, त्याचा चेहरा उजळला. तो बाजूला सरला, मला आत यायला वाट करून दिली. मी एक शब्द बोललो नाही. वीट उंबऱ्याबाहेर पायरीवर ठेवली आणि मागे फिरलो. गाडीपर्यंत तो दारात उभा असलेला दिसत होता.

तरुण अधिकारी मला विचारतात की साक्षीदार कसा ओळखावा. मी त्यांना सांगतो, आपल्या वाडवडिलांच्या दुःखावर जो रडतो तो दुसऱ्याच्या दुःखात उभा राहील असं कधी धरून चालू नका. रडणं वेगळं आणि दोन ओळींचा जबाब देणं वेगळं. मला हे निवृत्त झाल्यावर कळलं.

पुढे महिन्याभराने सुताराचा व्हॉट्सअॅपवर फोन आला. काम मिळालं नव्हतं. कुवेतहून परत पाठवला म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजले होते. होळीला गावातही त्याच्या घराचा मान असतो, तो यंदा भावाला द्यायचं चाललंय म्हणाला. मला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला शिव्या घालेल, आणि घालाव्यात म्हणून मी वाट बघत होतो. पण त्याने विचारलं, “साहेबानू, म्हाताऱ्याच्या दारात औंदा पयलो कोण गेलो?”

मी म्हटलं, कोणीच नाही.

“अरेरे,” तो म्हणाला. “वरीस वायट जातला त्येंचा.”