अठरा पुस्तके आणि पाच नियम

अठराव्या पुस्तकाचीही फीत जागची हललेली नव्हती. चष्मा पुसून मी पुन्हा पाहिले. इश्यू रजिस्टरप्रमाणे हे पुस्तक सात घरी जाऊन आले होते. फीत मात्र छापखान्यातून आली तशीच, त्याच पानात दुमडलेली.

ही फीत म्हणजे काय, ते सांगतो. पक्क्या बांधणीच्या, म्हणजे हार्डबाउंड पुस्तकाच्या पाठीला आतून एक रेशमी फीत चिकटवलेली असते. वाचन जिथे थांबले त्या पानात ती ठेवायची. बांधणी करणारे ती मधल्याच एखाद्या पानात दुमडून ठेवतात आणि दाबाने कागदावर तिचा ठसा उमटतो. फीत त्या ठशातच बसलेली असेल, तर पुस्तक बहुधा कोणी उघडलेलेच नाही.

शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर मी ढाणकीच्या आमच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसू लागलो. त्याला नऊ वर्षे झाली होती. संक्रांतीनंतर पुण्याच्या एका साहित्यिक प्रकाशनाने अठरा नवी पुस्तके पाठवली. कादंबऱ्या होत्या, कविता होत्या, एक प्रवासवर्णन, मुलांसाठी विज्ञानाच्या गोष्टी, लोणच्यांवरचे एक सुंदर पुस्तकही होते. प्रत्येक प्रकारच्या वाचकासाठी काही ना काही. सोबतच्या पत्रात एकच अट होती. तीन महिन्यांत वाचकांचे अभिप्राय पाठवावेत. अन्यथा हा संच दुसऱ्या गावाला देण्यात येईल. आमच्याकडे नवे पुस्तक येऊन चार वर्षे लोटली होती. हा संच जाऊ देणे मला परवडणारे नव्हते.

दोन महिने संपले. रजिस्टरची पाने भरली. अभिप्राय एकही नाही.

आमचे अध्यक्ष भाऊसाहेब अडतीचा व्यवसाय करतात. त्यांना मी हे सांगितले.

"पुस्तकं तं लय फिरून राह्यली म्हणता ना, गुरुजी?"

"फिरतात. वाचली जात नाहीत."

"असं कसं? मंग नेतेत कायले?"

"तेच मला उमगत नाही."

"मंग तुम्हीच लिहून टाका दहा-बारा अभिप्राय. अक्षर चांगलं हाय तुमचं."

"भाऊसाहेब, ते असत्य होईल."

"अन् पुस्तकं वापस गेली तं काय होईल?"



मी वाचकांनाच विचारू लागलो. पहिल्यांदा विचारले ते चौकातल्या शिंप्याला.

"कादंबरी कशी वाटली?"

"एक नंबर, गुरुजी."

"काय आवडले?"

त्याने हातावर तोलून दाखवले. "वजन," म्हणाला.

दुसऱ्या गृहस्थांनी घरी साखरपुडा होता म्हणून पुस्तक नेले होते. बारावीच्या एका मुलीने सांगितले की परीक्षेच्या आठवड्यात पुस्तक देवघरात ठेवले आणि पेपर सोपे गेले. ते पुस्तक लोणच्यांचे होते. मी तिला तसे म्हणालो. ती म्हणाली, "मले कुठं माहीत, गुरुजी?"

मी अधिकच गोंधळलो. लोक पुस्तके आदराने नेत होते, वेळेवर आणत होते, आणि उघडत नव्हते.

शेवटी सुमनबाईंना गाठले. त्या जवळच्या तांड्यावर अंगणवाडी चालवतात. आमच्या कपाटातल्या जुन्या, पाठ निखळलेल्या कादंबऱ्या त्या आठवड्याला एक या गतीने संपवतात. नवी कादंबरी मात्र त्यांनीही अस्पर्श परत आणली होती.

"सुमनबाई, खरे सांगा. उघडले तरी का?"

"नाही, गुरुजी."

"का बरे?"

"तुमीच तं बंदी घातली."

"मी?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "हात-पाय धुवून घ्या. जेवता जेवता वाचू नका. आडवं पडून वाचू नका. उघडं पालथं घालू नका. भुईवर ठेवू नका. आता सांगा, मी वाचू कवा? भाकरी करता करता वाचतो मी, पुस्तक डब्याले टेकवून. नाहीतं दुपारच्याले जरा आडवी पडून."

"पण जुनी पुस्तके तर वाचता!"

"त्याले कुठं कुंकू लावलं होतं तुमी?"

"मग नवे नेता कशासाठी?"

"सरस्वती घरी येते म्हणून. आठ दिवस देवाजवळ ठेवतो, वापस आणतो. साऱ्यायचं असंच हाय. अन् नाही नेलं तं तुमाले वाईट वाटन."

 पार्सल आले त्या दिवशी मीच चौरंग मांडला होता. प्रत्येक पुस्तकाला हळदकुंकू वाहिले होते आणि जमलेल्यांना हे पाच नियम सांगितले होते. ते माझ्या गुरूंनी मला सांगितले होते, पोथीसाठी. हस्तलिखित पोथीची पाने सुटी असतात. एक उडाले तर ग्रंथ खंडित होतो. इथे तर प्रत्येक पान शिवलेले होते. मी कधी हा विचारच केला नव्हता.

दोन दिवस मला काही सुचेना. पूजा केली ते चुकले, असे मन मानत नव्हते. नियम मागे घेतो म्हणून फळ्यावर लिहावे, तर हात धजत नव्हता.

बाजाराच्या दिवशी मी वाचनालयाच्या ओट्यावर बसलो. एका हाती चहाचा कप, मांडीवर नवी कादंबरी. येणारेजाणारे थबकू लागले. भाऊसाहेब रस्ता ओलांडून आले.

"गुरुजी, हे काय करून राह्यले?"

"वाचतो आहे."

आयुष्यात प्रथमच असे बसलो होतो. कप तोंडाशी नेला. चहाचा एक थेंब पुस्तकावर पडला. मी पुस्तकाला नमस्कार केला आणि पान उलटले.

सुमनबाई पायरीवर उभ्या होत्या. "संपलं का मले द्या," म्हणाल्या. "आता हे चालन मले."

उरलेल्या महिन्यात चौदा अभिप्राय आले. तीन तर भांडणाचे होते. नायिकेने सासरी परत जायला नको होते, यावर तांडा आणि गाव यांचे एकमत झाले नाही. शिंप्याने लिहिले की कथा बरी आहे, पण शेवट आखूड झाला. मी सगळे जसेच्या तसे पाठवले. प्रकाशनातून संपादकबाईंचा फोन आला.

"गुरुजी, एका अभिप्रायावर हळदीचा डाग आहे."

"तो वरणाचा आहे," मी म्हणालो.

त्या बराच वेळ हसल्या. संच आमच्याकडेच राहिला. सहा पुस्तकांची वरची चकचकीत जॅकेट्स फाटली, एका पुस्तकाची बांधणी ढिली झाली. पाहून अजूनही जीव कळवळतो. तरी एवढे शिकलो की वाचकाला नियम सांगण्याआधी तो वाचतो केव्हा, हे विचारावे. हा प्रश्न सुचायला मला नऊ वर्षे लागली.