शेवटच्या ओळीतल्या कदमबाई

कदमबाई 'कोणी केलं?' असं कधी विचारत नसत. कालच दुरुस्त केलेली लिफ्ट आज पुन्हा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली म्हणून कोणी फोनवर वाट्टेल ते बोलत असलं, तरी बाई शांतपणे फोन ठेवायच्या आणि समोरच्या मेकॅनिकला एवढंच विचारायच्या, "काय झालं?" मग तो माणूस खरं काय ते सांगायचा. बाईंच्या हाताखाली येण्याआधी मी जिथे नोकरी करत होतो तिथे पहिला प्रश्न 'कोण?' हा असायचा, आणि त्याचं खरं उत्तर कोणी दिल्याचं मला आठवत नाही.

लिफ्टची देखभाल करणाऱ्या आमच्या कंपनीचं ऑफिस परळला. बाई दुरुस्ती विभागाच्या प्रमुख. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या तक्रारी त्यांच्याकडे यायच्या आणि बाई त्या आपल्या बारा मेकॅनिकांना वाटून द्यायच्या. मी त्यांच्या हाताखाली लागलो तो व्यवस्थापनाची पदवी मिरवतच. कामाच्या जागी माणसं कशी वागतात आणि का वागतात, यावर आम्हाला एक अख्खा विषय होता, आणि त्यात वर्गात सगळ्यांत जास्त गुण माझे होते. हे मी पहिल्याच दिवशी बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डबा आणलायस का?"

डबा सगळ्यांनी एकाच टेबलावर खायचा, हा त्यांचा नियम. सकाळी ज्या दोघांची जुंपली असेल त्यांना त्या शेजारी शेजारी बसवायच्या आणि एकाची भाजी दुसऱ्याला वाढायला लावायच्या. कौतुक करायचं ते याच टेबलावर, सर्वांदेखत. बोलणी खायची ती मात्र जिन्यात. "जिन्यात ये जरा," असं बाई म्हणाल्या की भल्याभल्यांचे चेहरे उतरायचे. पण तिथलं बोलणं कधी टेबलापर्यंत आलं नाही. त्या जिन्याच्या पायऱ्या मी इतक्या वेळा झिजवल्या आहेत की तो विषय इथेच सोडलेला बरा.

गुरव हा त्यांचा हुकमाचा एक्का. पन्नाशी उलटलेला, अबोल, सदा हात काळे. लालबागच्या नव्या टॉवरमधल्या लिफ्टमध्ये बिघाड झाला तर स्क्रीनवर त्याचा क्रमांक येतो. भाग बदलला की काम झालं. असे सोपे कॉल बाई नव्या पोरांना द्यायच्या, म्हणजे त्यांना हुरूप यायचा. गिरगावच्या फणसवाडीतल्या जुन्या, जाळीच्या दाराच्या लिफ्टचे भाग मात्र आता बाजारात मिळत नाहीत. ते घासून, जुळवून बसवावे लागतात. ते काम गुरवचं. त्यात त्याचा अर्धा दिवस जायचा, कधी अख्खा. एकदा तो कुरकुरला, तर बाई त्याच्या मालवणीत म्हणाल्या, "गुरवा, ती लिफ्ट तुझ्याशिवाय कोणाचा ऐकणा नाय." गुरव हसला आणि पिशवी उचलून गेला.

मग एका वर्षी वरून फर्मान आलं. प्रत्येक विभागाने आपल्या माणसांची क्रमवारी लावायची आणि निदान एकाला शेवटच्या ओळीत टाकायचं. ती ओळ म्हणजे घरी जायची ओळ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई तेव्हा भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. माझ्या अंगात हुशारी संचारली. कोणी किती कॉल केले ते मी मोजलं, सुबक तक्ता केला आणि बाईंना न विचारता परस्पर पाठवूनही दिला. शेवटच्या ओळीत गुरव होता. त्या वयात त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

बाई परत आल्या, तक्ता पाहिला. आता जिना, असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं.

"तू कॉल मोजलेस," त्या म्हणाल्या. "कुठला कॉल कोणाला जाणार ते कोण ठरवतं?"

"तुम्ही."

"मग शेवटचं नाव कोणाचं?"

त्यांनी गुरवचं नाव खोडलं, स्वतःचं लिहिलं, सही ठोकली आणि तो कागद घेऊन पाचव्या मजल्यावर एचआरच्या साहेबांकडे गेल्या. मी मागोमाग. साहेब वयाने लहान, बोलायला गोड. विभागप्रमुखाचं नाव त्या ओळीत चालत नाही, बाकी सगळ्यांनी नावं दिली, तुम्हालाच काय अडचण, असं त्यांनी विचारलं.

"मी त्याला मुद्दाम कठीण कामं दिली आणि ती त्याने केली," बाई म्हणाल्या. "त्याची शिक्षा त्याला देणार असाल तर आधी मला द्या. उद्यापासून मी सगळ्यांना सोपेच कॉल देते. फणसवाडीला तुम्ही जा."

गुरवची नोकरी राहिली. बाईंना मात्र महिन्याभरात रे रोडच्या गोदामात सुट्या भागांवर नेऊन बसवलं, आणि त्यांची खुर्ची मला दिली. त्या निघाल्या त्या दुपारी बाराही मेकॅनिक कामं टाकून दारात उभे होते. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना चारचौघांत झापलं. लोक लिफ्टमध्ये अडकलेत आणि तुम्ही इथे काय करताय, म्हणाल्या. डोळे पुसत पांगले सगळे.

पुढे मी माफी मागायला रे रोडला गेलो. बाई बेअरिंगं निवडत बसल्या होत्या.

"माफी गुरवाकडे माग," त्या म्हणाल्या. "माझी चूक वेगळीच आहे. मी नाव बदललं, पण ओळ भरली. त्यांना एक नाव हवं होतं, ते मी दिलंच की नाही? ती ओळ भरायलाच नको होती रे."

बाई त्या गोदामातूनच निवृत्त झाल्या आणि वर्षभरात गेल्या. मला त्यांची आठवण येते, आणि आठवण आली की अजून संताप होतो. त्यातला बराचसा माझ्यावरच असतो.

यंदा तेच फर्मान पुन्हा निघालं आणि तो तक्ता माझ्याकडे आला. कोणी काय काम केलं ते बाराही जणांपुढे मी सविस्तर लिहिलं, कुठली लिफ्ट किती जुनी तेही लिहिलं. शेवटची ओळ कोरी ठेवून तक्ता पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. एक तरी नाव द्यावंच लागेल, म्हणाले, नाहीतर मग तुमचंच टाकावं लागेल.

"तुम्ही टाका," मी म्हटलं. "मी कोणाचंही लिहिणार नाही. माझंसुद्धा नाही."

फोन ठेवला आणि गुरवला गिरगावातला एक कॉल दिला, अर्ध्या दिवसाचा.