ओल्या मातीचा वास

जुनी गाडी घेण्याआधी काय तपासावं, यावर मी तेव्हा तासभर भाषण देऊ शकलो असतो. टायरला लाथा मारल्या. बॉनेट उघडून जाणत्या माणसासारखं "हं" म्हटलं. नंबरातल्या आकड्यांची बेरीज नऊ येते, हे तर दोनदा पडताळलं. अट एकच होती. आईला आठवड्यातून दोनदा वैरागहून सोलापूरला डायलिसिसला न्यायचं; गाडी वाटेत बंद पडता कामा नये.

दार उघडलं तर आत ओल्या मातीचा वास. आम्ही दुष्काळी भागातली माणसं. हा वास आला की आधी अक्कल भिजते. मी म्हणालो, "लई झकास वास हाय की!"

विकणारा क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "पाव्हणं, तुमाला आवडला न्हवं? मग तुमचीच गाडी."

चौथ्या दिवशी, रणरणत्या उन्हात, कोरड्या काचेवर वायपर आपोआप फिरायला लागले. मी आईला म्हणालो, "बघ, गाडीला पावसाची आस लागलीय."

आई हसली नाही. "पायाला गार लागतंय रं," एवढंच म्हणाली.

पुढच्या खेपेला, डायलिसिस करून परतताना, माळावर इंजिन गप्प झालं. खटकन चारी दारांना कुलूप लागलं. हॉर्न वाजला, आणि माझे दोन्ही हात मांडीवर होते. दार उघडेना, काच उतरेना. आई मागे डोळे मिटून, तोंडानं श्वास घेत पडलेली. मी दारावर खांदा आपटत राहिलो. मग कुलपं उघडली, तीही आपोआपच.

गॅरेजातल्या मेस्त्रीनं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. नुसतं हुंगलं. "साब, सीट का पट्टा पूरा खींचके देखे थे क्या?"

त्यानं पट्टा शेवटपर्यंत ओढला. कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वितीवर वाळलेला गाळ होता.

"डुबेली गाड़ी है. छत तक."

गुरुवारी आम्ही एसटीनं गेलो. वाटेत आईला सगळं सांगितलं, आकड्यांच्या बेरजेसकट, वाटलं, हसेल.

"पाणी शिरलं तवा," तिनं विचारलं, "मागं कोण बसलं हुतं रं?"

हे विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.