आधी फुलबाई बोलेल

कुसुमताई रजेवर असताना आमची सकाळची बैठक बंद झाली, तेव्हा आम्ही सगळे गप्प का बसलो? त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले आणि हाच प्रश्न आधी समोर आला. 

रायपूरजवळ अभनपूरकडच्या आमच्या आरोग्य केंद्रात कुसुमताई मेश्राम मुख्य परिचारिका आहेत. चार वर्षांपूर्वी मी तिथे लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे मान जरा ताठ होती. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे रिपोर्ट लिहून ताईंना दाखवले. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं आणि विचारलं, "काढले चांगले. पण सांगितले कोणाले?"

ओपीडी उघडण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी औषधखिडकीपाशी उभं राहायचं, ही ताईंची पद्धत. डॉक्टर, औषधवाले भैया, सफाईवाल्या मावशी, मी आणि मितानीन फुलबाई, म्हणजे गावात घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती. सुरुवात फुलबाईनं करायची, डॉक्टरांनी शेवटी बोलायचं. एका डॉक्टरांना हा क्रम खटकला, तेव्हा ताई म्हणाल्या, "साहेब, येणारे पेशंट तुम्हाले माहीत. न येणारे हिले माहीत. म्हणून आधी फुलबाई बोलेल." एकदा एका आजोबांची रक्तातली साखर उतरेना. डॉक्टर औषध वाढवणार होते. आजोबा-आजी एकाच्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या खातात, हे बैठकीत मावशींनी सांगितलं.

माझे वडील रायपुरात पंडरीच्या कापडबाजारात गाठी उचलतात. मी नोकरीसाठी इतक्या लांब एकटीनं जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ताई बस बदलत आमच्या घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "पोट्टी एकटी कुठं आहे भाऊ? आम्ही सगळे आहोत ना तिथं." वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताई रजेवर गेल्या. नव्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, "ये किटी पार्टी अब बंद." आम्ही हसलोसुद्धा. दहा मिनिटं वाचली म्हणून आपापल्या खोलीत गेलो.

त्याच दिवसांत एका गरोदर बाईचं रक्त मी तपासलं. हिमोग्लोबिन फार कमी होतं. मी आकडा लाल शाईनं लिहिला आणि रिपोर्ट फायलीत लावला. लोहाच्या गोळ्या न्यायला ती आली नाही, हे औषधवाल्या भैयांना दिसत होतं. पाणी आणताना तिला धाप लागते, हे फुलबाईला माहीत होतं. ती सांगायला आलीही, पण तिला रांगेत उभं राहायला सांगितलं गेलं. सगळं आम्हाला माहीत होतं, फक्त एकत्र कोणालाच नाही. बाळंतपणात बाईला रायपूरला हलवावं लागलं. ती वाचली. बाळ गेलं.

मग चौकशी झाली आणि नोटीस आली ती एकट्या फुलबाईला. पाठपुरावा केला नाही, म्हणून काम काढून का घेऊ नये? व्हरांड्यात 'टीमवर्क हीच आमची ताकद' असा फ्लेक्स लावलेला आहे. शाबासकी घ्यायला सगळे एक, आणि दोष द्यायची वेळ आली की सगळ्यात खालची, सगळ्यात कमी शिकलेली बाई एकटी? मला या फ्लेक्सची चीड येते, आणि त्याच्याखालून रोज मुकाट जाणाऱ्या आमचीही.

ताई काठी टेकत कामावर परतल्या. त्यांनी नोटीस वाचली आणि स्वतः लिहून दिलं, की माझ्या मागे बैठक कोण चालवील हे मी ठरवून गेले नाही, ही माझी चूक आहे. ज्या तेव्हा केंद्रात नव्हत्याच, त्यांनी चूक अंगावर घेतली. मला त्यांनी फक्त रिपोर्टची तारीख विचारली. मी सांगितली. "मी तुले काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "फुलबाईचं काम जाऊन राहिलं, एवढं ध्यानात ठेव."

फुलबाई त्यांच्यापाशी बसून होती. ती एवढंच म्हणाली, "हव दीदी, मैं तो बताने आई थी."

ताईंचा गुडघा लवकर बरा व्हावा. निरोगी, दीर्घ आयुष्य त्यांना मिळावं आणि आम्हाला असेच अवघड प्रश्न विचारायला त्या बरीच वर्षं असाव्यात.

हा लेख संपादकांना पाठवण्याआधी मी जिल्हा कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला आहे. रिपोर्ट माझ्या हातात होता, मी तो कोणालाही सांगितला नाही आणि फुलबाई सांगायला आली होती, असं त्यात लिहिलं आहे. खाली सही केली आणि पोच घेऊन आले.